कलम ६ : हक्क मिळाला, अधिकारी मिळेना

[दृश्य : होम अफेअर्सचं, म्हणजे गृहखात्याचं ऑफिस, सकाळची वेळ. रांग, प्लास्टिकच्या खुर्च्या, काचेमागचा काऊंटर.]

निवेदन :

दक्षिण आफ्रिकेत सरकारी लग्न लावून घ्यायला फार काही लागत नाही. दोघांची ओळखपत्रं, दोन साक्षीदार, त्यांची ओळखपत्रं, आणि लग्न लावणारा अधिकारी. वय अठरा पूर्ण हवं आणि आधीचं लग्न चालू नको. अधिकारी प्रत्येकाला वेगळं विचारतो की कायद्याची काही आडकाठी आहे का, आणि समोरच्या व्यक्तीचा जोडीदार म्हणून स्वीकार आहे का. हो म्हटलं, उजवा हात एकमेकांच्या हातात दिला, सह्या झाल्या की लग्न लागलं. कायद्यात आणखी एक अट आहे. हे सगळं दारं उघडी ठेवून व्हायला हवं.

या यादीतली एकच गोष्ट जोडप्याला स्वतः आणता येत नाही, ती म्हणजे अधिकारी. समोर दोन बायका उभ्या असतील तर "मी हे लग्न लावणार नाही" असं म्हणायची मुभा २००६ ते २०२० या काळात त्याला कायद्यानेच दिलेली होती. त्या मुभेचा फटका सगळ्यात जास्त बसला तो टाउनशिपमध्ये, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्यांत, आणि खेड्यापाड्यांत राहणाऱ्या, हातात बेताचा पैसा असलेल्या कृष्णवर्णीय लेस्बियन बायकांना.

[दृश्य : जोहान्सबर्ग, संविधान न्यायालयाची इमारत.]

ही मुभा आली कुठून, हे समजून घ्यायला १ डिसेंबर २००५ च्या निकालाकडे जावं लागतं. मारी फोरी आणि सेसेलिया बोंटहाउस या जोडप्याचा खटला, आणि त्याच्याच जोडीला लेस्बियन अँड गे इक्वॉलिटी प्रोजेक्टचा खटला. दोन्हींचा निकाल संविधान न्यायालयाने एकत्र दिला. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती आल्बी सॅक्स यांनी. लैंगिक कलावरून भेदभाव करायला देशाच्या संविधानातच बंदी आहे, तेव्हा समलिंगी जोडप्यांना लग्नाबाहेर ठेवणं घटनाबाह्य ठरलं. मात्र दुरुस्तीसाठी संसदेला एक वर्षाची मुदत मिळाली. न्यायमूर्ती केट ओ'रीगन यांचा नेमका यालाच विरोध होता. हक्क आजच द्या, थांबायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं.

निकालात एक तरतूद अशी होती, जिची चर्चा फारशी होत नाही. वर्षभरात संसदेने काहीच केलं नाही, तर १९६१ च्या विवाह कायद्यातल्या शपथेत "पती" आणि "पत्नी" यांच्या जोडीला "किंवा जोडीदार" हे शब्द आपोआप घातले जाणार होते. बस, एवढंच. त्या जुन्या कायद्यात नकाराची सूट फक्त धर्मगुरूंना होती, सरकारी नोकराला नव्हती. म्हणजे संसद गप्प बसली असती, तर काऊंटरवरच्या माणसाला नाही म्हणता आलं नसतं.

संसद गप्प बसली नाही. २००६ मध्ये देशभर जाहीर सुनावण्या झाल्या. पारंपरिक नेत्यांच्या संघटना आणि अनेक चर्चेस कडाडून विरोधात उतरली. त्या वेळी सत्ताधारी एएनसी पक्षाचे उपाध्यक्ष असलेले जेकब झुमा सप्टेंबरमध्ये जाहीरपणे म्हणाले की अशी लग्नं म्हणजे देशाला आणि देवाला लाज आणणारी गोष्ट आहे. नंतर त्यांनी माफी मागितली. समलिंगी असणं हे आफ्रिकी नाहीच, बाहेरून आलेलं आहे, हा सूर त्या सगळ्या विरोधात होता. हे धादांत खोटं आहे. १९९० मध्ये जोहान्सबर्गमध्ये देशातला पहिला प्राइड मार्च, म्हणजे समलिंगींचा अभिमान मोर्चा, उभा करणाऱ्यांत सोवेटो या टाउनशिपमध्ये वाढलेली बेव्हर्ली पालेसा डिट्सी होती. १९९५ च्या बीजिंग महिला परिषदेत लेस्बियन बायकांचे हक्क हे मानवी हक्क आहेत, हे संयुक्त राष्ट्रांना ऐकवणारीही तीच.

तरी विरोधाचा परिणाम झालाच. विवाह कायद्याला हात न लावता संसदेने वेगळा सिव्हिल युनियन कायदा केला, तो ३० नोव्हेंबर २००६ पासून लागू झाला. त्याखाली झालेल्या बंधनाला "लग्न" म्हणायचं की "सिव्हिल पार्टनरशिप", हे जोडप्याने ठरवायचं. परिणाम दोन्हींचे लग्नासारखेच. आणि त्यात कलम ६ बसलं.

[दृश्य : कायद्याचं पान, कलम ६ जवळून.]

सरकारी विवाह अधिकाऱ्याने सद्सद्विवेक, धर्म किंवा श्रद्धा यांचं कारण देऊन मंत्र्यांना लेखी कळवायचं, की झालं. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. ते कारण खरं आहे का, हे कुणी तपासायचं नाही. शिवाय ही सूट फक्त समलिंगी जोडप्यांपुरती. सिव्हिल युनियन कायद्याखाली स्त्री-पुरुषही लग्न करू शकतात, आणि त्यांचं लग्न त्याच अधिकाऱ्याला लावावंच लागे. अशा आक्षेपांना वाव देता येईल, असं सॅक्स यांच्या निकालातही म्हटलं होतं, हे मान्य करायला हवं. पण वाव देताना दुसरा अधिकारी हजर ठेवायची जबाबदारी कुणाची, हे कलम ६ ने सांगितलंच नाही. घोटाळा झाला तो इथे.

सूट घेतलेल्यांचा आकडा पुढे संसदेत बाहेर आला. होम अफेअर्सच्या सुमारे ११०० विवाह अधिकाऱ्यांपैकी ४०० हून जास्त. जिथे दोन-तीनच अधिकारी, तिथे सगळ्यांनीच सूट घेतली तर त्या ऑफिसात समलिंगी लग्न लागणं बंद.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहू. काऊंटरवर कुणी "कायद्याने तुम्हाला बंदी आहे" असं म्हणत नाही. "ते साहेब आज नाहीत." "पुढच्या आठवड्यात या." "या ऑफिसात होत नाही, शहरात जा." शहरात जायचं म्हणजे मिनीबस टॅक्सीचं भाडं, तेही चौघांचं, कारण साक्षीदार सोबत हवेतच. चौघांचा एक दिवसाचा रोज बुडतो. घरकाम किंवा दुकानात नोकरी करणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा सुट्टी मिळत नाही. केपटाऊनच्या किंवा जोहान्सबर्गच्या सधन वस्तीतलं जोडपं असल्या नकाराला वळसा घालतं. त्यांना गाडी आहे, पैसे देऊन खाजगी विवाह अधिकारी घरी बोलावता येतो. वर्णभेदाच्या काळात कुणी कुठे राहायचं हे सरकारने ठरवलं होतं, आणि ते नकाशे अजून फारसे पुसलेले नाहीत. म्हणून कलम ६ मध्ये रंगाचा उल्लेख नसला, तरी ते बाधलं रंगाप्रमाणेच.

उघड्या दारांची अटही इथे वेगळी होऊन बसते. गर्दीच्या हॉलमध्ये दोन बायकांची नावं लग्नासाठी पुकारली जातात, आणि रांगेत शेजारपाजारचेच लोक असतात. फेब्रुवारी २००६ मध्ये, म्हणजे संसद या कायद्यावर विचार करत होती त्याच वर्षी, केपटाऊनच्या खायेलित्शा टाउनशिपमध्ये १९ वर्षांच्या झोलिस्वा न्कोन्याना हिला ती लेस्बियन आहे म्हणून जमावाने मारून टाकलं. आरोपी दोषी ठरायला २०११ उजाडलं. अशा ठिकाणी काऊंटरवरून मोठ्या आवाजात आलेला नकार अपमानावर थांबत नाही. घरी परतायचा रस्ता त्याने धोक्याचा होतो.

[दृश्य : पत्र्याचं घर, दारात दोन खुर्च्या.]

नोंदणी झाली नाही तर काय जातं? जोडीदार मृत्युपत्र न करता गेली, तर नोंदणी असलेल्या जोडीदाराला मुलाइतका वाटा किंवा अडीच लाख रँड, यांतलं जे जास्त ते मिळतं. मूलबाळ नसेल तर सगळंच. नोंदणी नसलेल्यांसाठीही २००६ च्या गोरी विरुद्ध कोल्व्हर निकालाने दार किलकिलं केलं. पण तिथे एकमेकींना पोसायची जबाबदारी घेतली होती, हे सिद्ध करावं लागतं. एकत्र भाड्याच्या पावत्या, बँकेचे कागद, विम्यावरचं नाव, शेजाऱ्यांची शपथपत्रं. रोखीत जगणाऱ्या आणि नातं लपवून राहिलेल्या बायकांकडे नेमके हेच कागद नसतात. तोवर सासरचे घराला कुलूप लावून मोकळे झालेले असतात.

मग परंपरेने लग्न केलं तर? १९९८ चा पारंपरिक विवाह मान्यता कायदा कृष्णवर्णीय समाजाच्या रीतीच्या लग्नांना मान देतो. लोबोलाची, म्हणजे वधूच्या घरच्यांना द्यायच्या वधूमूल्याची, बोलणी होतात, मामा-काका मध्यस्थ म्हणून जातात, तोंड उघडायचे पैसे आधी ठेवावे लागतात, मग गुरं किंवा रक्कम ठरते आणि तसं पत्र होतं. नोंदणी राहून गेली तरी असं लग्न रद्द होत नाही. त्या पत्रावर विधवेला हक्क सांगता येतो. पण या कायद्याची भाषा पती-पत्नीची आहे. दोन बायकांच्या घरच्यांनी सगळी बोलणी रीतसर केली, तरी ते पत्र लग्नाचा पुरावा म्हणून धरलं जात नाही. लिम्पोपो प्रांतातल्या लोबेडू समाजाची पर्जन्यराणी मोजाजी बायकांशी लग्न करत असे, ही नोंदलेली रीत आहे. वारस आणि सोयरीक यांसाठीची ती व्यवस्था, प्रेमविवाहाची नाही. तरी बाईने बाईसाठी लोबोला देणं परंपरेला माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय ती ठेवत नाही.

कलम ६ काढायचं विधेयक खासदार डीड्र कार्टर यांनी खाजगी विधेयक म्हणून आणलं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आधीच सूट घेतलेल्यांना २४ महिने दिले गेले, आणि त्या काळात प्रत्येक ऑफिसात लग्न लावायला तयार असलेला एक तरी अधिकारी ठेवायचं बंधन मंत्र्यांवर आलं. ती मुदत केव्हाच संपली. आता सरकारी अधिकाऱ्याने समलिंगी लग्नाला नकार दिला, तर तो सरळसरळ बेकायदा आहे.

नकार मिळालाच तर जागचं हलू नका. अधिकाऱ्याचं नाव, तारीख, वेळ लिहून घ्या आणि कारण लेखी मागा. ऑफिसप्रमुखाला भेटा. लग्नासाठी आणलेले दोन साक्षीदार नकारही बघत असतात, त्यांची शपथपत्रं त्याच दिवशी पोलीस ठाण्यात करून घ्या. मग इक्वॉलिटी कोर्ट, म्हणजे भेदभावाच्या तक्रारी ऐकणारं न्यायालय. मॅजिस्ट्रेट कोर्टातच ते भरतं, फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीचा फॉर्म तिथला क्लार्क भरून घेतो. भेदभाव झाल्याचं प्रथमदर्शनी दाखवलं, की तो झाला नाही किंवा अन्याय्य नव्हता, हे सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर जातं.

डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्या प्रकारच्या लग्नांसाठी एकच कायदा आणणारं विधेयक संसदेत मांडलं गेलं. पण त्याच्या भरवशावर थांबू नका. लोबोला झाला असेल तरी सिव्हिल युनियनची नोंदणी वेगळी करून घ्या. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर त्याचा करार लग्नाच्या आधी नोटरीसमोर व्हायला हवा आणि तीन महिन्यांत डीड्स ऑफिसात, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयात, नोंदवायला हवा, नाहीतर सगळं सामाईक धरलं जातं. आणि दोघींनी मृत्युपत्र करून ठेवा, नोंदणीची तारीख मिळेपर्यंत न थांबता.