फवाऱ्यानंतरची तीन मिनिटं

[दृश्य: गालाचा अगदी जवळून घेतलेला तुकडा. बारीक पांढरे पापुद्रे. स्प्रे बाटलीचा आवाज: फुस्स.]

निवेदन:
साध्या पाण्याचा एक फवारा, आणि कोरड्या गालावर थेंबच थेंब. बारीक थेंब टेकतात न टेकतात तोच दिसेनासे होतात. दोन-तीन मोठे मात्र एकमेकांत मिसळतात आणि हनुवटीकडे ओघळतात. चेहरा गार पडतो, डोळे आपोआप मिटतात. वाटतं, चला, त्वचेची तहान भागली.

[दृश्य: घड्याळाचा सेकंदकाटा. तीन मिनिटांनंतर तोच गाल.]

आता पुन्हा पाहा. पापुद्रे जिथल्या तिथे. हसायला गेलं की ओठाच्या कोपऱ्याशी कातडी ओढते, तीही तशीच. मग पाणी गेलं कुठे? बरंचसं हवेत. मघाशी जो गारवा जाणवला, तो पाणी आत मुरल्याचा नव्हता. उडून जाताना पाण्याने त्वचेची उष्णता सोबत नेली, त्याचा होता. ओल्या केसांनी पंख्याखाली बसलं की हुडहुडी भरते ना, तसंच.

म्हणून घरी मिस्ट, म्हणजे चेहऱ्यावर मारायचा फवारा, बनवूच नये का? बनवावा की. फक्त नुसतं पाणी बाटलीत भरून त्याला मिस्ट म्हणू नये.

[दृश्य: त्वचेच्या वरच्या थराचं रेखाचित्र. विटांची भिंत.]

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. चेहऱ्यावर तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे कागदाहूनही पातळ. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. पेशी म्हणजे विटा, आणि सांध्यांत भरलेला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं हे स्निग्ध पदार्थ. विटांच्या आत युरिया, अमिनो आम्लं असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ. कडक साबण आणि कढत पाणी या दोन्हींवर हात मारतात. चुना झिजला की आतलं पाणी सांध्यांतून निसटत राहतं. कोरडी त्वचा म्हणजे ही गळकी भिंत. बाहेरून पाण्याचा सपकारा मारला म्हणून भिंत दुरुस्त होत नाही. पाणी धरणारं काहीतरी हवं, आणि वरून ते अडवणारंही.

[दृश्य: चमच्यातून ग्लिसरीनची धार. काचेच्या भांड्यात पाणी.]

धरणारं म्हणजे ग्लिसरीन. अठराव्या शतकात कार्ल शेले हा रसायनशास्त्रज्ञ ऑलिव्ह तेल आणि शिशाचं ऑक्साइड एकत्र तापवत होता, तेव्हा त्याला हा गोड, दाट द्रव सापडला. गोड आहे हे कळलं, कारण शेलेला हाती लागेल ते चाखून पाहायची खोड होती. आपण ती लावून घेऊ नये.

नीट बघा, धार पाण्यात शिरली की थेट तळ गाठते. ग्लिसरीन पाण्यापेक्षा सव्वापट जड. आणि मध्येच काच वितळल्यासारख्या लाटा दिसतात, तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते तशा. ढवळा, लाटा नाहीशा होतील. मिस्ट तयार झाला. खरंच, एवढंच.

प्रमाण मात्र डोळे मिटून नको. १०० मिली पाण्याला अडीच मिली ग्लिसरीन, म्हणजे जेमतेम अर्धा छोटा चमचा. हात सैल सुटला तर चेहरा चिकचिकीत होतो आणि धूळ बसते. पाणी डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेलं, घ्यावं. नळाचं पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण क्षार तिथेच राहतात, उलट थोडे दाटच होतात. सुगंध हवा असेल तर निम्मं पाणी काढून तेवढं गुलाबपाणी घाला. लेबलवर वेगळा सुगंध किंवा रंग घातल्याचं लिहिलेलं असेल, तर ती बाटली कपाटातच बरी.

पाणी धरणाऱ्यांत हायलुरोनिक आम्लाचं नाव हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळं केलं. ते घालायचं असेल तर १०० मिलीला ०.१ ग्रॅम पुरे. पावडर पाण्यावर भुरभुरली की गुठळ्या होतात. ढवळत बसू नका, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, आपोआप विरघळतं. पण पहिल्यांदा करणाऱ्याने ग्लिसरीनवरच थांबावं, असं माझं मत.

[दृश्य: लिंबू, काकडीचा कीस, सुगंधी तेलाची छोटी कुपी. एकेक वस्तू चौकटीबाहेर सरकवली जाते.]

लिंबू नको. त्वचेचा सामू (pH) पाचच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोनच्या; आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र. त्यात तो रस लावून उन्हात गेलं तर कातडी पोळल्यासारखी होऊ शकते. सुगंधी तेलही नको. ते पाण्यात विरघळत नाही, तरंगतं, आणि एखाद्या फवाऱ्यात निव्वळ तेलच डोळ्यात जातं. काकडीचा रस, कोरफडीचा ताजा गर? त्वचेला लाभेल न लाभेल, जंतूंची मात्र मेजवानी.

[दृश्य: उजेडासमोर धरलेली बाटली. नळीच्या टोकाला बुळबुळीत पांढुरका धागा.]

ही माझी पहिली बाटली. काकडी घातलेली, कपाटात विसरलेली. आठवड्याने पाहिलं तेव्हा पाणी वरून स्वच्छ दिसत होतं, वासही आला नाही. नळी बाहेर काढली तेव्हा हे दिसलं. तोवर दोनदा तोंडावर मारून झालं होतं! घरच्या मिस्टमध्ये जंतूंना रोखणारं काही नसतं. ई जीवनसत्त्वाचे थेंब टाकले तरी नाही. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना अडवत नाही. म्हणून एका वेळी ५० मिलीच, म्हणजे वरच्या प्रमाणाच्या निम्माच करायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा, तीन-चार दिवसांत संपवायचा. बाटली आणि नळी धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुन्हा भरायची.

[दृश्य: हात, बाटली, मिटलेले डोळे.]

आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहा. खाज नाही, लाली नाही, मग चेहरा. वीतभर अंतर, डोळे मिटलेले, श्वास क्षणभर रोखलेला. दोन फवारे. तळव्यांनी हलकेच दाबा, चोळू नका. आणि चेहरा ओला असतानाच, तीन मिनिटं उलटायच्या आत, वरून मॉइश्चरायझर. अडवणारं ते हेच. एसीत बसून दर अर्ध्या तासाला नुसताच मिस्ट मारणाऱ्यांची फसगत इथेच होते. विमानात तर हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते, पाणी टिकणार कसं? त्वचेला भेगा पडत असतील, त्यांतून लस पाझरत असेल, तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

[दृश्य: फ्रिजचं दार उघडतं. बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेली तारीख.]

आज चौथा दिवस. बाटलीत अजून दोन बोटं मिस्ट आहे, दिसायला अगदी स्वच्छ.

[दृश्य: बेसिन. बाटली उपडी होते. पाण्याचा आवाज.]