गोव्याच्या पावसात घरातली झाडं

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. आज झाडांपेक्षा पाण्याबद्दलच जास्त बोलणार आहे, कारण गोव्यात कुंडीतली झाडं तहानेने कमी आणि पाण्याने जास्त मरतात. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, हवाच इतकी दमट की कुंडीतली माती सुकतच नाही, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, मग पानं माना टाकतात आणि आपण समजतो पाणी कमी पडलं, आणि आणखी ओततो.

म्हणून नर्सरीत गेलात की आधी विचारा, हे झाड मूळचं कुठलं? मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, आपलं मनीप्लांट, ही सगळी अळू-सुरणाच्या घराण्यातली, पावसात आपण तेरें, म्हणजे रानअळू, खातो तेही त्यातलंच, त्यामुळे आपली हवा त्यांना मानवते. पण खाजरेपणाही तोच हं, डिफेनबाकिया तर फारच, घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर उंचावर ठेवा.

मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलात झाडांच्या खोडावर चढते. तिला आधार द्या, नारळाची सोडणं काथ्याने पाइपला बांधली की झाला खांब, तिची हवेतली मुळं त्यात घुसतात आणि वर चढेल तशी पानं मोठी होतात, भोकं पडतात. नुसती लाल माती भरू नका, ती घट्ट बसते. सोडणांचे तुकडे, शेणखत, चिऱ्याचे बारीक खडे मिसळा, सोडणं आधी दोन-तीन दिवस भिजवून ते पाणी फेकून द्या. आणि किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, मीठ असतं त्यात.

सक्युलंटचं, म्हणजे अंगात पाणी साठवणाऱ्या झाडांचं, गणित उलटं. जेड आणि हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतले, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, झीझी पूर्व आफ्रिकेतला, हा झीझी कुंडीतून काढून बघा, खाली बटाट्यासारखे गड्डे दिसतील, पाणी तिथे साठवलेलं असतं. यातली बरीच झाडं पानांची छिद्रं रात्री उघडतात, दिवसा मिटून पाणी वाचवतात, त्यांना पावसाळ्यात छपराखाली घ्या आणि बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी. एचेवेरिया मात्र मी तरी नवख्याला घ्यायला सांगणार नाही, ती मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, तिला रात्री गारवा लागतो, आपल्या उकाड्यात ती लांबते आणि सडते.

आता उन्हाचं, हे फार जण विसरतात. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गोव्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, म्हणजे वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत मे महिन्यात ऊन शिरू शकतं आणि कॅलाथियाची पानं कडांनी करपतात. तेव्हा तिला आत सरकवा, पाणी वाढवून उपयोग नाही.

काय म्हणालात, पांढरा कापूस चिकटलाय पानांच्या बेचक्यात? तो पिठ्या ढेकूण. कुंडी आधी वेगळी ठेवा, ओल्या कापडाने पुसून काढा, मग कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत, पानांच्या खालची बाजू नक्की भिजली पाहिजे, तिथेच लपतो तो.