आकडा आणि मूल
(पालक आणि परिचारिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय पोटाच्या विषाणूजन्य संसर्गाचा असला तरी विषाणूंबद्दल मी फार बोलणार नाही. रोटा असो की नोरो, नुसतं मूल पाहून तो ओळखता येत नाही, आणि ओळखला तरी त्या रात्रीच्या उपचारात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आजार किती जोरात आहे यावर. आणि इथे पालक हमखास आकडा सांगतात: ‘डॉक्टर, सकाळपासून नऊ वेळा झाली.’ आकडा खरा असतो, कामाचाही असतो. पण मूल आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे तो सांगत नाही.

आकडे मांडायची शास्त्रशुद्ध पद्धतही आहे. फिनलंडमधल्या रूस्का आणि वेसिकारी यांनी १९९० साली २० गुणांची एक पट्टी प्रसिद्ध केली. जुलाब किती दिवस, एका दिवसात जास्तीत जास्त किती. उलट्या किती दिवस, किती वेळा. ताप, अंगातलं पाणी किती कमी झालं, आणि उपचार काय लागले. प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज ११ किंवा त्याहून जास्त आली की आजार तीव्र. रोटाव्हायरसच्या लशींच्या चाचण्यांत ही पट्टी फार उपयोगी पडली.

आता दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. एकाला सहा दिवस जुलाब, रोज सहा-सात वेळा, दोन दिवस उलट्या, दिवसाला तीन, ताप ३८.६. तीन, तीन, दोन, दोन, दोन: १२ गुण. पट्टीच्या हिशेबाने तीव्र. पण पोरगं पाणी पितंय, खेळतंय, घरातच बरं झालं. दुसरं बाळ आठ महिन्यांचं. सकाळपासून तीनच जुलाब, पण पाण्यासारखे, लंगोट ओसंडून वाहणारे. तीन उलट्या, ताप नाही. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, वजनाच्या दहा टक्के पाणी गेलं, भरती करावं लागलं. गुणांची बेरीज? दहा. म्हणजे तीव्र नाही!

पट्टी चुकीची नाही. ती आजार संपल्यावर त्याचा हिशेब मांडते. हजारो मुलांची तुलना करायची तर असाच हिशेब हवा. समोरच्या मुलाचं काय करायचं, हा तिचा प्रश्नच नव्हे.

मग बघायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेची चार लक्षणं कोणालाही शिकता येतात: मुलाची तरतरी, डोळे, तहान आणि पोटावरच्या कातडीचा चिमटा. यात सगळ्यात जास्त फसवते ती तहान. पाण्याची वाटी हिसकावून घेणारं, किरकिर करणारं मूल पाहून घरचे घाबरतात. घाबरावं थोडं, पाणी कमी झालंय हे नक्की. पण ते मूल अजून झगडतंय. खरी भीती पुढच्या टप्प्याची. किरकिर थांबते, मूल गळून पडतं, चमचा ओठाला लावला तरी नीट पीत नाही. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी म्हणतं, ‘चला, शांत झोपलं एकदाचं.’ झोपलंय की ग्लानीत आहे, हे उठवून पाहिल्याशिवाय ठरवायचं नाही.

चिमटा कसा काढायचा तेही सांगतो, कारण निम्मे लोक चुकीचा काढतात. मूल उताणं, बेंबी आणि कुशीच्या मध्यावर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कातडीची उभी घडी धरायची. नखांनी नाही. क्षणभर धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. घडी दोन सेकंदांनंतरही दिसत राहिली तर पाणी फार कमी झालंय. पण कुपोषित मुलाची कातडी एरवीही सावकाश बसते, आणि गुटगुटीत बाळाची पाणी कमी असूनही पटकन बसते. म्हणून एकट्या चिमट्यावर निर्णय नको, चारांपैकी किमान दोन लक्षणं जुळायला हवीत. डोळ्यांचंही तसंच: काही मुलांचे मुळातच खोल असतात. आईलाच विचारा, ‘नेहमीपेक्षा वेगळे दिसतात का?’

सगळ्यात खात्रीचं माप वजन. दहा किलोच्या मुलाचं अर्धा किलो गेलं म्हणजे पाच टक्के पाणी गेलं. अडचण अशी की आजाराआधीचं ताजं वजन क्वचितच हाती असतं. लघवी विचारावी, पण पातळ शीने भिजलेल्या लंगोटात ती कळणार कशी? ‘माहीत नाही’ हे उत्तर ‘झाली’ म्हणून लिहून घेऊ नका.

आणि प्रत्येक उलटी पोटाच्या विषाणूची नसते. नुसत्या उलट्या, जुलाब नाहीतच, तर मेंदूज्वर, लघवीचा संसर्ग, मधुमेह यांचा विचार हवा. उलटी हिरवी, शीमध्ये रक्त, पोट फुगलेलं, किंवा बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, तर गुण मोजत बसू नका, लगेच दाखवा.

पाणी थोडं कमी असेल तर किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस चार तासांत, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. ग्लानी असेल तर मात्र शिरेतून सलाईन, तेही ताबडतोब. चार तासांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायचं. ही दुसरी तपासणी फार वेळा राहून जाते, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा तीच महत्त्वाची.

शेवटी एक प्रश्न, जो विचारायला आपण विसरतो: ओआरएस कसं कालवलं? एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवून पाजली की रक्तातलं मीठ वाढतं. मूल प्रचंड तहानलेलं, चिडचिडं होतं, पण चिमटा बऱ्यापैकी चांगला येतो, आणि तपासणारा फसतो. म्हणून आईला रिकामी पुडी आणि ज्या भांड्यात कालवलं ते भांडं, दोन्ही दाखवायला सांगा.