तिसऱ्या मितीतला होमर

(पडद्यावर: 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या सिम्पसन कुटुंबाचं घर. दारात होमरची बायको मार्ज हिच्या दोन्ही बहिणी.)

मेव्हण्या आल्यात. त्यांना टाळायचं म्हणून होमर लपायला जागा शोधतोय. चांगल्या जागा पोरांनी आधीच बळकावल्यात. शेवटी तो पुस्तकांच्या कपाटामागे शिरायला बघतो, तर हात भिंतीच्या आरपार जातो.

पलीकडे पाऊल टाकल्यावर होमरला पहिल्यांदा कळतं की आपलं पोट पुढे आलंय. तोवर ते कागदावरची एक वाकडी रेघ होतं.

२९ ऑक्टोबर १९९५, रविवार. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर 'द सिम्पसन्स'चा हॅलोविन विशेष भाग लागला होता, 'ट्रीहाऊस ऑफ हॉरर' या नावाखालचा सहावा. मूळ मालिका १९८९ सालची. हॅलोविनचा रिवाज पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये पडला. एका भागात तीन सुट्या भयकथा, आणि त्यांत जे घडेल ते एरवीच्या मालिकेत धरायचं नाही. माणसं मरोत, गाव बेचिराख होवो. पुढच्या आठवड्यात होमरचा मुलगा बार्ट पुन्हा दहा वर्षांचा आणि होमर पुन्हा सोफ्यावर. लेखकांना वर्षातून एकदा मिळणारी ही मोकळीक. तिचं त्यांनी काय केलं, हे या सहाव्या भागात फार छान दिसतं.

पहिली गोष्ट जाहिरातींची. डोनटच्या दुकानाने 'महाकाय' म्हणून विकलेला डोनट नेहमीएवढाच निघतो. चिडलेला होमर रात्री दुकानाबाहेरच्या पुतळ्याच्या हातातला अवाढव्य डोनट पळवतो, आणि शहरभरचे जाहिरातींचे पुतळे जिवंत होऊन घरं तुडवत सुटतात. त्यांना मारायचं कसं? त्यांच्याकडे बघायचं नाही. लक्ष मिळालं नाही की ते कोसळतात. हे लोकांना पटवायला गायक पॉल अँका स्वतःच्या आवाजात हजर. शेवटी बातमीदार इशारा देतो की पुढची जाहिरात तुमचं घर उद्ध्वस्त करेल, कुटुंब गिळून टाकेल. आणि लगेच जाहिरातींसाठी ब्रेक. आपल्याच वाहिनीच्या पोटावर इतका सरळ पाय क्वचितच कुणी दिला असेल.

दुसरी गोष्ट स्वप्नात येऊन मुलांना मारणाऱ्या शाळेच्या माळ्याची, विलीची. त्यातली स्वप्नं मला तितकीशी भावत नाहीत, पण सुरुवात अफलातून आहे. तेराव्या महिन्याची तेरा तारीख. पालकसभा भरलीय, कारण शाळेने चुकीची छापलेली कॅलेंडरं विकत घेतलीत. जळणारा विली आत धावत येतो आणि मुख्याध्यापक त्याला थांबवतात, कारण दुसऱ्या एका पालकांचं बोलणं चालू आहे.

आणि तिसरी, सुरुवातीला पाहिली ती, 'होमर क्यूब्ड', म्हणजे 'होमरचा घन'.

(पडद्यावर: निळसर काळोख, हिरव्या रेघांची जाळी, मधोमध होमर.)

त्या काळात ही मालिका हाताने काढली जायची. पेन्सिलीची चित्रं, मग सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर, रंग. या सपाट माणसाला घनाकार द्यायचं काम केलं कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक डेटा इमेजेस या कंपनीने. काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. कागदावर बार्टचं कपाळ कुठे संपतं आणि केस कुठे सुरू होतात, हे कुणी विचारत नाही. संगणकातल्या बार्टभोवती मात्र कॅमेरा फिरणार, म्हणजे त्याच्या डोक्याला मागची बाजूही हवी. पहिला पूर्ण संगणकीय चित्रपट, 'टॉय स्टोरी', थिएटरात लागायला अजून २४ दिवस होते. पुढे पॅसिफिक डेटा इमेजेसच्याच हातून 'श्रेक' हा संगणकीय चित्रपट घडला.

ही गोष्ट लिहिली डेव्हिड एस. कोहेन यांनी. हार्वर्डची भौतिकशास्त्राची पदवी, बर्कलीचं संगणकशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण, आणि नोकरी कार्टूनसाठी विनोद लिहिण्याची. त्यांनी होमरच्या मागे काय काय तरंगत ठेवलं ते बघा.

(पडद्यावर: चित्र थांबवून एकेक ओळ मोठी करत.)

ही ४६, ७२, ६९ अशी आकड्यांची रांग. संगणकाच्या अक्षरसंकेतात ती वाचली तर निघतं 'फ्रिंक रूल्स!'. फ्रिंक म्हणजे मालिकेतले प्राध्यापक, जे या गोष्टीत गावकऱ्यांना तिसरी मिती समजावून सांगतात. दुसरी एक ओळ विश्वाच्या घनतेची आहे: घनता ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त. असं विश्व शेवटी आपल्याच गुरुत्वाकर्षणाने आत कोसळतं. थोड्याच वेळात होमरभोवतीची दुनिया नेमकी तशीच कोसळते. शेवट आधीच फळ्यावर लिहून ठेवला होता म्हणा ना.

पण खरी गंमत या समीकरणात आहे. १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात, बरोबर १९२२ चा बारावा घात.

हे अशक्य आहे. घात दोनपेक्षा मोठा असेल तर धन पूर्णांकांत असं समीकरण जमूच शकत नाही, असं गणितज्ञ पिअर द फर्मा यांनी १६३७ च्या सुमारास पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं होतं. सिद्धता लिहायला समासात जागा नाही, म्हणाले. सिद्धता अखेर गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांच्या नावावर छापून आली मे १९९५ मध्ये, म्हणजे हा भाग लागण्याच्या पाच महिने आधी.

तरीही दहा अंकी कॅल्क्युलेटरवर करून पाहा. दोन्ही बाजूंना २.५४१२१०२५९ गुणिले दहाचा एकोणचाळिसावा घात. जुळतं! खरं उत्तर चाळीस अंकी आहे. पहिले नऊ अंक सारखे, दहाव्याला फरक, आणि तो कॅल्क्युलेटर पूर्णांकन करताना गिळतो. असे 'जवळजवळ' जुळणारे आकडे शोधायला कोहेन यांनी खास प्रोग्राम लिहिला होता. व्हीसीआरवर भाग टेप करून, फ्रेम थांबवून, कॅल्क्युलेटर घेऊन बसणारा एखादाच प्रेक्षक त्यांना गाठायचा होता. बाकीचे होमरच्या पोटाला हसले तरी चालणार होतं.

कॅल्क्युलेटर नसेल तर मात्र ही युक्ती लगेच उघडी पडते. १७८२ सम, म्हणून त्याचा घातही सम. १८४१ विषम, त्याचा घात विषम. सम अधिक विषम, विषम. उजवीकडचा १९२२ सम.

१९९८ मध्ये होमर पुन्हा एका फळ्यासमोर उभा राहिला, या वेळी मालिकेच्या नेहमीच्या भागात. ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात, बरोबर ४४७२ चा बारावा घात. विषम अधिक विषम, सम. ती फट बुजली. आता शाळेतली तीनची कसोटी लावा. ३९८७ च्या अंकांची बेरीज २७, ४३६५ ची १८. दोघांनाही तीनने भाग जातो. ४४७२ ची येते १७.