कप्पा बदलला, कॅसेट तीच

नमस्कार श्रोतेहो. म्हापशाच्या बाजारात ज्यांनी कॅसेट चाळल्या आहेत, त्यांना आठवत असेल, डीप पर्पल हा इंग्लिश रॉक बँड तेव्हा 'हेवी मेटल'च्या कप्प्यात मिळायचा. मग तो 'हार्ड रॉक'मध्ये सरकला. आज मोबाइलवर शोधा, 'क्लासिक रॉक'! कप्पा बदलला, गाणी तीच. पुन्हा सांगतो, गाणी तीच.

का बदलतो कप्पा? मागून येणारा आणखी दणदणीत वाजवतो आणि आधीचा मवाळ वाटू लागतो. १९७० मध्ये ब्लॅक सबाथ या बँडनं लोकांच्या कानठळ्या बसवल्या. १९८३ मध्ये मेटॅलिका या बँडचा पहिला अल्बम आला, त्या वेगाला 'थ्रॅश' म्हणू लागले. 'ब्लॅक मेटल' हे नाव व्हेनम या इंग्लिश बँडच्या १९८२च्या अल्बमचं. आज ते उच्चारलं की नॉर्वेचे बँड डोळ्यांपुढे येतात.

असो. माझा लाडका किस्सा ऐका. १९८९, लॉस एंजेलिस, अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांचा ग्रॅमी सोहळा. हार्ड रॉक आणि मेटल यांना पहिल्यांदाच पारितोषिक, तेही दोघांत मिळून एक. मेटॅलिकानं त्याच रात्री मंच हादरवलेला. सगळ्यांनी धरूनच चाललेलं, बक्षीस त्यांचंच. अ‍ॅलिस कूपर आणि लिटा फोर्ड या रॉक गायकांनी पाकीट फोडलं, तर नाव निघालं जेथ्रो टल! म्हणजे इयन अँडरसनचा बँड, तोच एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा. मेटलच्या बक्षिसाला बासरीवाला! सभागृहात हुर्यो. आणि बक्षीस घ्यायला टलचं कुणी आलंच नव्हतं. तुम्हाला काही मिळत नाही, येऊ नका, असं त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीनं सांगितलेलं.

बासरीत जोर नसतो, असं कुणी म्हणू नये. जोर हातात असतो, स्पीकरात नव्हे. चवथीला घुमटावर, म्हणजे आमच्या गोव्याच्या मातीच्या वाद्यावर, आरती रंगात आलेली असताना कुणी माइक पुढे करतो ना, मला त्याचा हात धरावासा वाटतो. घुमटाला माइक कशाला हवा?

तर त्या हुर्योनंतर पुढच्याच वर्षी बक्षिसं दोन झाली, हार्ड रॉकचं वेगळं, मेटलचं वेगळं. मेटलचं मेटॅलिकाला मिळालं. १९९२ मध्ये पुन्हा मिळालं, तेव्हा त्यांचा ड्रमर लार्स उलरिक मंचावरून म्हणाला, यंदा अल्बम न काढल्याबद्दल जेथ्रो टलचे आभार!

गंमत म्हणजे बक्षिसं आदल्या वर्षाच्या कामाची, आणि टलचा अल्बम १९९१ मध्येच आला होता.