पाकळी देवाची, सही कुणाची?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय कर्म आणि जबाबदारीबद्दल. गीतेच्या १८व्या अध्यायातल्या १४व्या श्लोकात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान (म्हणजे शरीर), कर्ता, करण (म्हणजे इंद्रियं), चेष्टा (थट्टा नव्हे, हालचाली) आणि दैव. दैव पाचवं. पुन्हा सांगतो, दैव आहे, पण पाचवं. आता गोव्यात फोंड्याकडच्या एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, गोष्ट ऐका.

भाटकारांना कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, विकायचं होतं. बायको तयार नव्हती. शेवटी ठरलं, देवाला विचारू. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे तुम्हाला काय सांगायचं! तर, डावी पडली. भाटकार म्हणाले, "भटजी, गाऱ्हाणं नीट झालं नाही." सोमवारी परत आले. परत डावी. तिसऱ्या खेपेला त्यांनी प्रश्नच फिरवला: "पोरीच्या लग्नासाठी काही विकावं लागलं, तर देवाची हरकत नाही ना?" बराच वेळ काही हलेना. गाभाऱ्यात धुपाचा धूर, भाटकारांच्या कपाळावर घाम. अखेर उजवी सुटली. ती खाली पोचायच्या आत यांनी हात जोडले.

कुळागर गेलं. पुढे शेजारच्या जमिनीला दुप्पट भाव आला, तसे भाटकार देवळात येऊन उखडले, "देवानंच सांगितलं होतं!" भटजी गंध उगाळत होते. मान वर न करता म्हणाले, "दोनदा डावी पडली, ती कोणी पाडली?"

पाकळी देवाची खरी, पण विक्रीखतावर सही कुणाची? आपल्या गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे अशा विक्रीला बायकोचीही सही लागते. देवाची सही मात्र त्यात कुठेच लागत नाही.

वेळ थोडा उरलाय, म्हणून ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल घाईत उरकतो. वादळात जहाज वाचवायला लोक माल समुद्रात टाकतात. एरवी कोण टाकेल? तरी तो म्हणतो, त्या घडीला टाकायचं की नाही हे त्यांच्याच हातात होतं, म्हणून ते कृत्य त्यांचंच. दोष देताना वादळही मोजा, एवढंच. गीताही दोनच श्लोकांनंतर 'केवळ मीच कर्ता' म्हणणाऱ्याला दुर्मती ठरवते. तेव्हा भाटकारांचंही वादळ मोजायला हवं. मी चौकशी केली. पोरीचं लग्न तेव्हा ठरलंसुद्धा नव्हतं.