मुरलेल्या जगज्जेत्याला कोण हरवतं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘तरुण मुष्टियोद्धा मुरलेल्या जगज्जेत्याला अडचणीत आणू शकेल का?’ ‘आणू शकेल’ एवढं म्हणून मला खाली बसता आलं असतं. पण संयोजकांनी तासभर दिलाय आणि माझ्या डोक्यात या विषयाचा किडा बरीच वर्षं वळवळतोय, तेव्हा तुमची सुटका नाही.

आधी माझी तक्रार. चाळिशी ओलांडलेला जगज्जेता पंचविशीतल्या पोराला बारा फेऱ्या नाचवतो आणि समालोचक म्हणतो, ‘अनुभव कामी आला.’ अरे, पण अनुभवाने केलं काय? कुठला हात धरला, कुठला पाय अडवला? मग आपल्याकडे ठरलेली गोष्ट निघते, वस्तादाने पठ्ठ्याला सगळे डाव शिकवले, एक राखून ठेवला. गोष्ट झकास आहे, पण मुष्टियुद्धात राखून ठेवायला आहे काय? ठोसे चारच: जॅब (पुढच्या हाताचा झटपट, सरळ ठोसा), क्रॉस, हुक, अपरकट. जगज्जेत्याच्या लढती चित्रित झालेल्या असतात, पोराने त्या पाहून पाहून झिजवलेल्या असतात. सगळं उघड्यावर असतं, तरी पोरगं हरतं. का, ते सांगायलाच मी आलोय. पण त्याआधी आर्ची मूर.

मूरला लाइट हेविवेट या वजनगटाचं जागतिक विजेतेपद मिळालं 1952 च्या डिसेंबरात. त्याआधी वर्षानुवर्षं त्याला कुणी संधीच दिली नव्हती. त्याचा जन्म कधीचा? तो म्हणायचा 1916, त्याची आई म्हणायची 1913. अशा वादात मी आईच्या बाजूने असतो, ती तिथे हजर होती. (हशा) तर 10 डिसेंबर 1958, माँट्रियल. आईचा हिशेब धरला तर मूर पंचेचाळिशीला टेकलेला. समोर यव्हॉन ड्युरेल, कॅनडाचाच, मासेमारी करणारा दणकट गडी, वय 29. पहिल्याच फेरीत ड्युरेलचा उजवा बसला आणि मूर आडवा. कसाबसा उठला. पुन्हा पडला. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा पडला! एका फेरीत तीनदा पडला की लढत संपली, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. त्या रात्री नव्हता. रिंगमधला पंच होता जॅक शार्की, स्वतः एके काळचा हेविवेट जगज्जेता. त्याने लढत चालू ठेवली.

आता बघा. पडलेला म्हातारा काय करतो? घाईघाईने हिशेब चुकता करायला जात नाही. मूरची बचावाची एक ढब होती. दोन्ही हात हनुवटीसमोर एकावर एक आडवे आणि डोकं त्यांच्यामागे दडवलेलं. समोरच्याने मारावं, तर ठोसा कोपरावर, दंडावर, खांद्यावर. ड्युरेल मारत राहिला. पाचव्या फेरीत त्याने मूरला चौथ्यांदा पाडलं. पण रिकामा गेलेला जोरदार ठोसा बसलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो, हे ज्याने पिशवीवर दोन मिनिटं हात चालवलेत त्याला विचारा. सातव्या फेरीत ड्युरेल खाली, दहाव्यात खाली आणि अकराव्यात खेळ खलास. पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडली, तेव्हा मूरने त्याला तिसऱ्याच फेरीत गुंडाळलं.

(किन्शासाची गोष्ट मी सांगणार नाही. मुहम्मद अली दोराला टेकला, त्याच्याहून तरुण जॉर्ज फोरमन मारून मारून दमला आणि हरला, ती तुम्हाला पाठ आहे.)

हीच विद्या पुढे बर्नार्ड हॉपकिन्स या अमेरिकन जगज्जेत्याने पार कोरडी करून टाकली. तो एक ठोसा मारायचा आणि त्याच झपाट्यात डोकं समोरच्याच्या खांद्यावर नेऊन त्याचा हात काखेत दाबायचा. पंच येणार, सोडवणार, दोघं मागे सरकणार. घड्याळ चालूच. तरुणाने मनात जुळवलेले तीन-चार ठोसे तिथेच विरले, पुन्हा पहिल्यापासून जुळवा. पोराला वेग हवा असतो आणि म्हातारा वेगच चोरतो. ऑक्टोबर 2008 मध्ये 43 वर्षांच्या हॉपकिन्सने 26 वर्षांच्या अपराजित केली पाव्हलिकला असंच बारा फेऱ्या उपाशी ठेवलं. पाव्हलिकच्या उजव्याचा केवढा दरारा होता! पण तो सुटायला जे अंतर लागतं, ते त्याला मिळालंच नाही. 2011 च्या मे महिन्यात जाँ पास्कालविरुद्ध तर या गृहस्थाने सातव्या फेरीआधी रिंगमध्ये चक्क जोर काढले. वय 46. त्या रात्री तो सर्वांत वयस्क जगज्जेता ठरला, फोरमनचा 1994 चा विक्रम मोडून.

तुमच्यातलं कुणीतरी मेरी कोमचं नाव घेणार, म्हणून मीच घेतो. डिसेंबर 2019, दिल्लीतली निवड चाचणी, निखत झरीन 23 वर्षांची. मेरी 9-1 ने जिंकली. पण तो तीन फेऱ्यांचा सामना. नऊ मिनिटांत म्हातारीचा दम पुरतो आणि पोरीला कुलूप उघडायला वेळ मिळत नाही. (‘म्हातारी’ म्हटलं हे मेरीच्या कानावर घालू नका, हात अजून जड आहे.) अडीच वर्षांनी निखत जगज्जेती झाली, तो भाग वेगळा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दा आता पळत पळत.

हरलेल्यांची यादी बघा. ड्युरेल, फोरमन, पाव्हलिक, सगळे एका ठोशात निकाल लावणारे. आता जिंकलेल्यांची बघा. फेब्रुवारी 1978 मध्ये अलीला हरवणारा लिऑन स्पिंक्स. खात्यावर सात व्यावसायिक लढती, पण पंधरा फेऱ्या हात थांबवला नाही. 1980 मध्ये त्याच अलीला हरवणारा लॅरी होम्स, नुसता जॅब. 2008 च्या एप्रिलमध्ये जो कॅल्झाघी. पहिल्याच फेरीत हॉपकिन्सने त्याला पाडलं, तरी उठून त्याने ठोशांचा रतीब घातला. त्यातले निम्मे चापट्या वाटाव्यात असे, पण गुणपत्रिकेवर दोन पंच त्याच्या बाजूने. रशियाच्या सर्गेई कोव्हालेव्हकडे दणका होता, तरी 2014 मध्ये हॉपकिन्सला त्याने बारा फेऱ्या लांबूनच जॅबवर ठेवलं.

सगळ्यात स्वच्छ पुरावा हेविवेट जगज्जेता व्लादिमिर क्लिच्को. 2015 मध्ये ड्युसेलडॉर्फला टायसन फ्युरीने दणका न देता, नुसतं हलून-डुलून, हुलकावण्या देऊन त्याचं विजेतेपद नेलं. दीड वर्षाने वेम्ब्लीवर अँथनी जोशुआ, त्याच्यापेक्षा कितीतरी जड हाताचा. क्लिच्को तोवर 41 चा. तरी सहाव्या फेरीत जोशुआच पाठीवर पडला होता, अकराव्यात कुठे जिंकला. तोच म्हातारा, आणखी वय झालेला, आणि जोरवाल्याला जास्त जड गेला.

तेव्हा पोराने काय करावं? जॅब, पुन्हा जॅब. डोक्याआधी बरगड्या, कारण डोकं हलतं, बरगड्या हलत नाहीत. मिठी पडली तरी मोकळा हात चालू ठेवायचा. प्रेक्षकांनी हुर्यो केली तर करू द्यावी. अशी लढत बघायला कंटाळवाणी असते, म्हणून तरुणांना ती लढवत नाही आणि म्हणून म्हातारे टिकतात.

राहता राहिला जो स्मिथ. डिसेंबर 2016, हॉपकिन्स 51 चा, आठव्या फेरीत स्मिथच्या ठोशांनी तो दोरांमधून थेट रिंगबाहेर. ढकललं, अशी त्याची तक्रार होती. जोरवाला जिंकला, मान्य. पण तेव्हा तो जगज्जेता नव्हता, म्हणून आजच्या विषयात बसत नाही. ही पळवाट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी प्रश्नोत्तरांत हात वर करावा.